बर्फाआधीची वंदना

धनतेरस जवळ आली की आमच्या लिंबायतच्या गल्लीत एक सकाळ अशी उजाडते, की जाग येते ती आवाजाने नाही, आवाज नसल्याने. वर्षभर ही गल्ली धडधडत असते. दोन्ही बाजूंना लूम्सची खाती, म्हणजे कापड विणायचे छोटे कारखाने. त्यांची थरथर जमिनीतून चढते, भिंतीत शिरते, मांडणीवरच्या ताटल्यांना हलकेच वाजवत ठेवते. नवा पाहुणा आला तर त्याला पहिल्या रात्री झोप येत नाही. आम्हाला उलट, ती थरथर थांबली की झोप लागत नाही. सुरतेत याला व्हेकेशन म्हणतात. इथे शाळेतल्या पोरांनाच नाही, यंत्रांनाही व्हेकेशन असतं. उधना स्टेशनावर बोचकी, पत्र्याच्या पेट्या, नव्या साड्यांच्या पिशव्या घेऊन माणसं नंदुरबार-अमळनेरकडच्या गाड्यांत शिरतात आणि लाभपाचमेपर्यंत आमची गल्ली कुणीतरी श्वास रोखून धरावा तशी पडून राहते.

यंदाही ती सकाळ आली. मी चहाचं आधण ठेवलं, त्यात फुदिना टाकला, आणि गॅलरीत पाहिलं तर नाना भिंतीला तळहात लावून उभे होते. माझे वडील. आयुष्यभर लूम्सवर काम केलेला माणूस. त्यांचे कान त्या खडखडाटाने केव्हाच नेले, पण खातं चालू आहे की बंद हे त्यांना तळहाताने कळतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बंद व्हई गयात."

मी मान हलवली. बंद झालेत. आणि दर व्हेकेशनला येते तशी ती एक थंडी माझ्या अंगावर आली, जी सुरतेची नाही. सुरतेला थंडी कुठली? ती आहे फार वरच्या एका डोंगरावरची, देवदारच्या धुराचा वास असलेली, खारट चहाची. आई गेली त्या वर्षीच्या व्हेकेशनची.

आई श्रावणात गेली. तिच्याविषयी लिहायला बसले की मला तिचं एकच चित्र आधी दिसतं. संध्याकाळची वेळ, बुद्धाच्या मूर्तीपुढे लावलेली मेणबत्ती, आणि एकमेकांकडे तोंड करून बसलेले नाना आणि ती. खरं तर वंदनेला मूर्तीकडे तोंड करून बसायचं असतं. पण नाना तिच्याकडे वळून बसायचे, कारण त्यांना तिचे ओठ दिसायला हवेत. ती त्रिशरण सुरू करायची, नाना तिच्या ओठांवर डोळे ठेवून तिच्या मागून यायचे. दोघांचा सूर कधी जुळला नाही. नानांचा आवाज मोठा आणि खडबडीत, आईचा बारीक. पण ओळीचा शेवटचा शब्द दोघांचा एकदम पडायचा, जसं दोन माणसांनी मिळून उचललेलं ओझं एकदम खाली ठेवावं. लहानपणापासून पाहत आल्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. सगळ्यांच्या घरी आईबाप असेच एकमेकांसमोर बसत असतील, असंच वाटायचं.

ती गेल्यावर नानांना मी माझ्या घरी आणलं. घर लांब नाही, त्याच गल्लीत. संध्याकाळी ते मूर्तीपुढे बसायचे. पण आता बघायचं कुणाकडे?

भाद्रपद पौर्णिमेला, वर्षावास चालू असताना, मी त्यांना आमच्या विहारात घेऊन गेले. गर्दी होती. आम्हाला मागे जागा मिळाली. पुढे एक तरुण उपासक माईकवर वंदना म्हणत होता, त्याची चाल जलद. नाना डोळे मिटून बसले आणि त्यांनी आपली वंदना सुरू केली, आईच्या चालीने, संथ. सगळ्यांची म्हणून झाली. माईक बंद झाला. लोक ध्यानाला बसले. त्या शांततेत एकटे नाना म्हणत राहिले, मोठ्याने, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही. पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली. एक फिसकन हसला, मग दुसरा. वाईट पोरं नव्हती ती. शांततेत हसू येतं, तसं आलं. शेजारच्या एका बाईने नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, झालं."

नानांनी डोळे उघडले. सगळं पाहिलं. शब्द अर्धाच होता तोंडात, तो तसाच गिळला. चपला घातल्या आणि माझी वाट न बघता घराकडे चालू लागले.

त्या दिवसापासून त्यांनी वंदना सोडली. मग हळूहळू बोलणंच सोडलं. कमी ऐकू येणारा माणूस तसाही कमी बोलतो, पण हे वेगळं होतं. जेवायला वाढलं की जेवायचे, पुरे झालं की ताटावर हात आडवा. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर बसून गुजरातीत गप्पा मारायची, ते तिच्या केसांवरून हात फिरवायचे आणि गॅलरीबाहेर बघायचे. कानाचं यंत्र आणलेलं होतं. ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं. मला भीती वाटायची. माणूस घरात आहे, श्वास चालू आहे, आणि तरी रोज थोडा थोडा उठून चालला आहे, अशी भीती.

मी पर्वत पाटियाजवळच्या कापड मार्केटात एका दुकानात बाहेरगावच्या ऑर्डरी सांभाळते. त्या दिवसांत घरी एकटे नकोत म्हणून कधीकधी नानांना दुकानात घेऊन जायचे. ते गादीच्या कोपऱ्यात बसायचे. हिमाचलातल्या किन्नौरकडचे एक व्यापारी आमच्याकडून ड्रेस मटेरियल नेतात, नेगीजी. दिवाळीआधीच्या खरेदीला आले होते. त्यांनी नानांना दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बहनजी, तुम्ही बुद्धाची माणसं ना? माझी बुआ आमच्याकडे डोंगरावर बुद्धाच्या मंदिरात असते. व्हेकेशन आहे तुमचं. बाबूजींना घेऊन या. पहाड बघतील."

घरी मी हे नानांना ओठ हलवून, हातवारे करून सांगितलं. वाटलं, मान हलवून नाही म्हणतील. त्यांनी विचारलं, "मंदिर? विहार नही?"

किती दिवसांनी त्यांनी काही विचारलं होतं! तेवढ्यावर मी तिकिटं काढली.

सुरतेहून चंदीगडची गाडी, पुढे बस, पुढे नेगीजींची जीप. नदी खाली खोल गेली आणि रस्ता कड्याला खरवडून काढल्यासारखा अरुंद होत गेला. सफरचंदांचा हंगाम संपला होता. झाडं पानं गाळून उभी होती, कुठे एखादं विसरलेलं लाल फळ. पॉपलरची झाडं मात्र पिवळीधमक, जणू कुणी हळदीत बुडवून वाळत घातली असावीत. आम्ही सपाट मुलुखातली माणसं. उंच म्हणजे आमच्याकडे मार्केटची इमारत. नाना काचेला कपाळ टेकवून बसले होते. ते बघत होते की नुसते बसले होते, मला कळेना.

जीपचा रस्ता संपला तिथून पायवाट. थोडीच होती, पण हवा विरळ. नाना दर वळणावर थांबायचे, छाती वरखाली व्हायची. वर पोहोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मंदिर म्हणजे दगड आणि लाकडाचं एक बुटकं जुनं बांधकाम, पाटीच्या दगडांचं छप्पर, आणि मागे एवढा मोठा पांढरा डोंगर, की मंदिर त्याच्या मांडीवर बसल्यासारखं वाटावं. अंगणात एक म्हातारी बाई कुऱ्हाडीने लाकडं फोडत होती. डोक्याचा गोटा, वर लोकरी टोपी, लालसर जाड झगा, पायात गमबूट. नेगीजींनी वाकून पाय धरले तेव्हा कळलं, हीच बुआ, त्यांची आत्या.

तिने कुऱ्हाड ठेवली, नानांकडे बघितलं, त्यांच्या ओठांचा रंग बघितला आणि भाच्यावर डाफरली. "इनको आज नीचे नहीं ले जाना. आज यहीं सोएंगे. बर्फ भी आ रही है." आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पण तिने नाक वर करून वास घेतला आणि विषय संपला. नेगीजी खाली गावात गेले, सकाळी येतो म्हणून. आम्ही राहिलो.

मला त्या बाईविषयी सांगायलाच हवं, कारण त्या रात्रीनंतर मी जिथे जिथे हिंमत हा शब्द ऐकते, तिथे मला तिचे ते गमबूट दिसतात. तिने हे सगळं स्वतःहून नाही सांगितलं. मी विचारत गेले, ती कणीक मळता मळता उत्तरं देत गेली. लग्न ठरलेलं असताना ती या मंदिरात चालत आली होती, घरच्यांनी दोनदा नेलं, दोनदा परत आली. तेव्हा इथे मुख्य पूजा पुरुष भिक्षू करायचे. बायका पाणी भरायच्या, दिवे घासायच्या. हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली की भिक्षू खालच्या गावात उतरायचे आणि मंदिराला कुलूप लागायचं. एका वर्षी ती म्हणाली, दिवा कोण लावणार? मी राहते. लोक म्हणाले, मरशील. ती राहिली. अख्खा हिवाळा एकटी. पूजा कुणी शिकवली नव्हती, ऐकून ऐकून पाठ झाली होती. मोठा ढोल बायकांनी वाजवायचा नसतो असं म्हणायचे, पण त्या हिवाळ्यात नाही म्हणायला तिथे होतं कोण? तिने वाजवला. वसंतात भिक्षू वर आले तेव्हा दिवा चालू होता आणि तिचा हात ढोलावर बसला होता. ढोल त्यांनी तिच्याकडेच राहू दिला. आता तिच्यासोबत तीन तरुण जोमो होत्या. जोमो म्हणजे त्यांच्याकडची भिक्षुणी. ढोल अजून बुआच वाजवते.

"एकटीला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"लगा ना," ती म्हणाली. "बहुत लगा. फिर सुबह हो जाती थी."

तिने आम्हाला बुखारीजवळ बसवलं. बुखारी म्हणजे खोलीच्या मधोमध ठेवलेली लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छपरातून वर गेलेलं. चहा आला. नानांनी घोट घेतला आणि आमच्या सुरती जिभेला धक्का बसला. लोणी आणि मीठ. नानांनी कपाकडे बघितलं, मग बुआकडे. "मीठ?" त्यांनी विचारलं. ती हसली आणि तिने कप पुन्हा भरला. त्यांनी तोही प्यायला. मी बघत राहिले. घरी त्यांना अर्धा कप चहा पाजायला मला गयावया करावी लागायची.

मग ती आम्हाला आत, मुख्य दालनात घेऊन गेली. अंधारात आधी तुपाच्या दिव्यांच्या ज्योती दिसल्या, मग भिंती. भिंतींवर रंगच रंग. अनेक हातांचे, अनेक तोंडांचे, ज्वाळांत उभे असलेले, कवट्यांच्या माळा घातलेले कोण कोण. नाना उंबऱ्यावरच थांबले. मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं काय झालंय ते. आमच्या घराण्यात माझ्या आजोबांनी धम्म घेतला, देव्हारा नदीत सोडला, आणि पुन्हा कधी कुठल्या देवापुढे हात जोडायचे नाहीत, ही शपथ घरातल्या लहान पोरालाही पाठ होती. आणि आता बुद्धाच्या घरात हे सगळं?

"हे कोण?" नानांनी मला विचारलं. दबक्या आवाजात विचारल्यासारखं त्यांना वाटलं असेल. पण अख्ख्या दालनाला ऐकू गेलं.

मी ओशाळले. बुआला काय सांगावं कळेना. पण तिने ताडलं. नानांच्या बाहीला धरून तिने त्यांना मधल्या मूर्तीपुढे नेलं. तिथे बुद्ध होता. सोनेरी मुलामा दिलेला, निळ्या केसांचा, पण डोळे खाली झुकलेले, आमच्या विहारातल्यासारखेच. "बाकी सब हमारे मेहमान हैं," ती म्हणाली. "आप जिसको पहचानते हो, उसको नमस्ते करो. बस."

मी नानांना सांगितलं. त्यांनी हात जोडले. बराच वेळ जोडले.

परत बुखारीजवळ आल्यावर तिने मला विचारलं, तुम्ही लोक कधीपासून बुद्धाचे? मी म्हटलं, माझ्या आजोबांपासून. तिला नीट कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग मी माझ्या तोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्या लोकांना गावात पाणी शिवू देत नव्हते, देवळाची पायरी चढू देत नव्हते, आणि मग लाखो माणसांनी मिळून ठरवलं, की आम्ही हे सोडतो आणि बुद्धाकडे जातो. आजोबा त्यांतलेच एक. ती ऐकत होती. कणकेचे हात तसेच.

"मतलब चुनके आए?" ती म्हणाली. "हम तो बस पैदा हुए इसमें. पता नहीं कितनी पीढ़ी. तुम्हारे दादाजी चुनके आए?"

मी हो म्हटलं.

ती उठली. तिच्या बसायच्या जागेवर एक जाड लोकरी गालिचा होता, लाल-निळा, कडेला झिजलेला. तो तिने उचलला, नानांसमोर ठेवला आणि त्यांना त्यावर बसवलं. नानांना काही कळलं नाही. ते गोंधळून माझ्याकडे बघत होते. मी त्यांना काय सांगणार?  आमच्या लोकांनी ज्यासाठी गावाबाहेरच्या विहिरीपासून चालायला सुरुवात केली, त्यासाठी कुणी उठून आपली जागा द्यावी, आणि तीही या डोंगरावरच्या बाईने, जिने आमची गावं कधी पाहिली नाहीत.

संध्याकाळच्या पूजेला नाना मागे दाराजवळ बसले. तरुण जोमो बारीक आवाजात पोथी म्हणत होत्या, त्यांना काही ऐकू येत नसणार. ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग ढोल सुरू झाला. तो ढोल माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर चौकटीत टांगलेला, हिरवा रंगवलेला, आणि त्याला मारायची काठी विळ्यासारखी वाकडी. त्याचा आवाज कानावर पडण्याआधी मांडीखालून येतो. जुन्या लाकडी फळ्यांची जमीन ती. नानांनी आपला तळहात फळीवर ठेवला. मला तसं काही वाटलं नाही, त्यांची सवयच आहे ती. पण ढोलामागून बुआने ते पाहिलं होतं, हे मला सकाळी कळलं.

याकच्या लोकरीच्या पांघरुणांत रात्र कशी सरली ते ठाऊक नाही. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीत निळसर उजेड होता, नळाचं पाणी गोठलेलं, आणि दालनातून शंख वाजत होता.

बुआ दारातच उभी होती. तिने नानांचं मनगट धरलं आणि त्यांना थेट पुढे नेलं. ढोलाच्या अगदी खाली तिने कालचा गालिचा अंथरला होता. त्यांना तिथे बसवलं. पाठ ढोलाच्या चौकटीला टेकलेली. मी बाजूला बसले. पोथ्यांची लांबट सुटी पानं उघडली गेली. पूजा सुरू झाली.

ढोलावर पहिला ठोका पडला आणि नानांचे खांदे हलले. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढ्या दिवसांत त्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं, आणि आता कपाळ, गाल, हनुवटी, सगळ्याखालून काहीतरी वर येत होतं. ओठ हलायला लागले. आधी नुसते ओठ. मग आवाज फुटला.

त्रिशरण. पालीचे शब्द, खान्देशी हेल, आईची संथ चाल. मोठ्याने. त्या तिबेटी पठणाच्या मधोमध, अगदी आडवं.

एका तरुण जोमोने चमकून मान वर केली. तिचा हात तोंडावर गेला.  विहारातली ती दुपार आठवली. आता इथेही कुणी हसलं, तर हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हे मला लखलखीत दिसत होतं. मी अर्धी उठले. नानांच्या खांद्यावर ठेवायला माझा हात पुढे झाला होता.

बुआने डावा तळहात उचलला. थांब.

मी थांबले. पठणातला एक आवाज बंद झाला, मग दुसरा, मग तिसरा. दालनात आता फक्त नाना होते आणि ढोल. आणि बुआने ठोके संथ केले. तिला पालीचा शब्द माहीत नव्हता. ती ढोलाच्या बाजूने पुढे झुकून नानांच्या ओठांकडे बघत होती. ओळ संपत आली की ते किंचित मिटतात, तिथे ती ठोका टाकायची. ओळ, ठोका. ओळ, ठोका. नाना त्या ठोक्याला टेकून पुढच्या ओळीवर जायचे. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शरण जाऊन झालं, पंचशील झालं, आणि ते थांबले नाहीत. आईबरोबर रोज म्हणायचे ती सगळी वंदना त्यांनी म्हटली. आवाज मध्येच चिरकला, एका जागी शब्द अडखळला, तिथे बुआ काठी उगारून थांबून राहिली. सापडला शब्द. पडला ठोका.

संपलं. तिने शेवटचा एक हलका ठोका दिला.

नानांनी डोळे उघडले. सगळ्या आपल्याकडेच बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते आकसले. माझ्याकडे वळले, लहान मुलासारखे, की माझं काही चुकलं का? तेवढ्यात बुआने काठी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि त्यांच्यापुढे कमरेत वाकली. तिच्यामागे तिघी वाकल्या. तोंडावर हात ठेवलेली ती तरुण जोमो सगळ्यांत खाली वाकली. तिचे डोळे भरलेले होते. ती हसणार नव्हतीच.

मग बुआने पोथीचं पान सरकवलं, बोटाने जागा शोधली, आणि जिथे पूजा थांबली होती तिथून ती पुढे सुरू झाली.

बाहेर आलो तर अंगण पांढरं झालं होतं. बुआचं नाक खरं ठरलं. बर्फ अजून पडत होता, कापसाच्या बारीक तंतूंसारखा भुरभुरत, खात्यात उडतात तसा. नाना त्यात उभे राहिले. टोपीवर, भुवयांवर बर्फ. म्हणाले, "पोरी, तठे माले ऐकू उनं."

तिथे मला ऐकू आलं.

मी बुआची माफी मागायला गेले. पूजेत व्यत्यय आला म्हणून. ती लाकडं आत नेत होती. माझ्या हातात तिने दोन ओंडके दिले आणि म्हणाली, "कैसी बाधा? उस वक्त बुद्ध उनका सुन रहे थे. बीच में हम बोलते तो बाधा होती."

असं उत्तर पुस्तकांतून येत नाही. ते अशा माणसाकडून येतं ज्याने एक अख्खा हिवाळा कुणी ऐकत नसताना वंदना केली आहे. एकट्या आवाजाची किंमत तिला माहीत होती.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. नाना पुन्हा विहारात जातात. त्यांनी स्वतःच त्या तरुण उपासकाला जाऊन सांगितलं, मी माझ्या चालीने म्हणणार, तुम्हाला घाई असेल तर पुढे जा. त्याने नानांना पुढे, आपल्यासमोर बसवलं आणि स्वतःची चाल संथ केली. त्या वेळी हसलेल्या पोरांपैकी एक आता नानांना जाता-येता रस्ता ओलांडून देतो. नाना बोलतात. भाजीवालीशी हुज्जत घालतात, माझ्या मुलीला तिचं गुजराती ऐकू येत नाही म्हणून अहिराणीत बोलायला लावतात. नेगीजी दर दिवाळीआधी येतात तेव्हा पहिला प्रश्न बुआचा. यंदा त्यांनी सांगितलं, गुडघे गेलेत, डॉक्टरने वर राहायला मनाई केली आहे, सगळ्या घराने हात जोडले. "मग?" मी विचारलं. नेगीजींनी कपाळाला हात लावला. "मग काय? लाकडं भरून ठेवलीत तिने."

पण मला सांगायचंय ते परतीचं. त्या सकाळी नेगीजी बर्फातून वर आले, आम्ही सावकाश उतरलो, जीपमध्ये बसलो. नाना पुढे, मी मागे. पहिली काही वळणं गेली. मग नाना आसनातच मागे वळले, माझं तोंड नीट दिसेल असे.

"पोरी," ते म्हणाले, "तुन्ही मायना आवाज कसा व्हता?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुझ्या आईचा आवाज कसा होता? मी म्हटलं, "नाना, तुम्हाला माहीत नाही?"

मग त्यांनी सांगितलं. कान जातो तेव्हा आधी बारीक आवाज जातात. पाखरांचे, पोरांचे, बायकांचे. जाड आवाज मागे राहतात. मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला कधीतरी आईचा आवाज गेला. एका दिवसात नाही, हळूहळू विरत गेला, आणि एकदा त्यांच्या लक्षात आलं, की ती बोलतेय आणि काहीच येत नाही. त्यांनी तिला ते कधीच सांगितलं नाही. थोडं कमी ऐकू येतं एवढंच म्हणत राहिले. तिला वाईट वाटलं असतं. ती बोलायची, ते बघायचे. लग्न झालं तेव्हाचा तिचा आवाज त्यांना थोडा आठवत होता, विहिरीवर बायकांत हसतानाचा. पुढचा माहीत नव्हता. "आठवाले गयं तं काहीच येत नही," ते म्हणाले. आणि मग आपल्या त्या मोठ्या आवाजात, "तू ऐकेल से. तू सांग."

मी ऐकलं होतं. जन्मभर. आणि आवाज कसा सांगतात?

मी सांगत गेले. जीप घसरत, धक्के खात उतरत होती, नेगीजींनी वेग अगदी कमी केला होता. मी म्हटलं, सकाळी तिचा आवाज थोडा बसलेला असायचा, चहा झाला की उघडायचा. गॅलरीतून भाजीवालीला हाक मारायची तेव्हा लूम्सच्या वर जावा म्हणून इतका ताणायची, की पलीकडच्या गल्लीतली भाजीवाली यायची. मला रागवायची तेव्हा आवाज चढायचा नाही, उतरायचा, आणि म्हणून जास्त भीती वाटायची. भाकरी थापताना काहीतरी गुणगुणायची, गाणं नसायचं ते, हातांच्या चालीवर नुसतं हुं हुं. वंदनेत शेवटच्या अक्षराला तिचा आवाज थोडा कापायचा. नाना माझ्या ओठांवरून डोळे हलवत नव्हते.

"आणि तुम्हाला हाक मारायची," मी म्हटलं. "तुम्हाला ऐकू जाणार नाही हे माहीत होतं तिला. तरी जवळ येऊन खांद्याला हात लावायच्या आधी ती एकदा हळूच हाक मारायचीच."

"अहो म्हणे?"

"नाही नाना. चारचौघांत अहो. तुमची पाठ असली, की नावाने."

 आमच्याकडच्या त्या पिढीत नवऱ्याचं नाव कुणी घेत नसे. उखाण्यातसुद्धा लाजत घेत. आणि ती रोज घेत होती, त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघरातून, गॅलरीतून, इतकी वर्षं, ज्या माणसाला ऐकू जाणार नाही त्या माणसाला.

"मन्हा नावनं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कसं म्हणे?"

मी पुढे झुकले आणि तिच्यासारखं, शेवटचं अक्षर जरा लांबवून म्हटलं, "सुकदेव."

त्यांनी माझ्या ओठांवर आपलं नाव वाचलं. खाली नदीचा हिरवा पट्टा दिसायला लागला होता. नानांनी बाहीने डोळे पुसले, माझे ओठ पुन्हा नीट दिसावेत म्हणून, आणि म्हणाले,

"आखो एकदाव म्हण."